आईचे नाव

आनंदाची बातमी मशिदीच्या पायरीवर पोचायला आपल्या लोकांत एक शाब्बाथ पुरतो. मुलाचे लग्न ठरले, नातू झाला, कुणी नवे घर घेतले, की सगळ्या दिमोनाला कळते. पण घरात दुखणे आले, आणि त्यातही 'तसले' दुखणे आले, की आपण दारे-खिडक्या लावून घेतो. शेजारणीने विचारले तर "जरा अशक्तपणा आहे," असे सांगून वेळ मारून नेतो. आम्हीही तेच केले. त्यात आमचे काय चुकले आणि पुढे काय सुधारले, ते आपल्या भगिनींना उपयोगी पडेल म्हणून हा लेख लिहीत आहोत.

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. १९६९ साली आईवडिलांबरोबर ठाण्याहून इस्राएलला आलो तेव्हा थोरली नऊ वर्षांची होती आणि धाकटी पाच. दोघींचीही लग्ने इथेच झाली, संसार इथेच झाले, आणि घरेही एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर. लेखात सगळीकडे 'आम्ही' असे लिहिले आहे, कारण आजार जरी थोरलीच्या अंगात होता तरी तो काढला दोघींनी मिळून. सुया तिने सोसल्या, वही धाकटीने लिहिली.

२०१८ सालच्या शाबुओथनंतरची गोष्ट. अंघोळ करताना थोरलीच्या हाताला डाव्या स्तनात गाठ लागली. वाटाण्यापेक्षा मोठी, दाबली तरी न दुखणारी. दुखत नाही म्हणून तिने तीन आठवडे कुणाला सांगितले नाही. वाचकहो, इथेच पहिली चूक झाली. गाठ दुखली नाही म्हणजे ती निरुपद्रवी, असा आपल्या बायकांचा समज आहे. तो खरा नाही. पुष्कळदा ही गाठ दुखतच नाही. कुपत होलीमकडून मॅमोग्राफीचे बोलावणे दोनदा आले होते. ती दोन्ही पत्रे विजेच्या बिलांखाली पडून होती.

पुढे सगळे भराभर झाले. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुईने काढलेला तुकडा, आणि मग तो शब्द. जुलै महिन्यात बेरशेवाच्या सोरोका इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. गाठ काढली, काखेतल्या काही ग्रंथी तपासल्या, त्यांपैकी एकीत आजार सापडला. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितले की आधी केमो, मग किरणांचा उपचार, आणि त्यानंतर काही वर्षे गोळ्या.

त्या दिवशी बसमधून घरी येताना आम्ही एकमेकींशी एक शब्दही बोललो नाही. शेवटच्या थांब्याच्या आधी थोरली म्हणाली, "कुणाला सांगायचं नाही. आईला तर अजिबात नाही." आईचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी होते. ती थोरलीकडेच राहत असे. शिवाय थोरलीच्या मुलीसाठी एका चांगल्या घरातून विचारणा झाली होती. "आईला असलं काही आहे म्हटल्यावर मुलीला कोण करून घेईल?" हे तिचे दुसरे वाक्य. धाकटीला पटले नाही, पण आजाऱ्याचे मन मोडू नये म्हणून तिने मान डोलावली.

केमोच्या तयारीला आम्हाला तीन आठवडे मिळाले. त्या दिवसांत काय केले ते सविस्तर सांगतो, कारण ही माहिती आम्हाला तुकड्यातुकड्याने मिळाली, आणि आधी कुणी एकत्र सांगितली असती तर पुष्कळ भीती कमी झाली असती.

सर्वांत आधी एक वही केली. डॉक्टरांकडे नेहमी दोघींनी मिळून जायचे, एकीने ऐकायचे आणि दुसरीने लिहायचे, असे ठरवले. हिब्रू आम्हाला चांगली येते, पण भीतीने कान बंद झाले की मायबोलीसुद्धा समजत नाही. घरून निघण्यापूर्वीच प्रश्न लिहून नेत असू. औषधांची नावे, किती वाजता काय घ्यायचे, कुठल्या लक्षणाला कुणाला फोन करायचा, हे सगळे मराठीत उतरवले. एकदा पैसे भरण्याच्या हमीपत्रासाठी, म्हणजे ज्याला इथे सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात त्यासाठी, एका कचेरीत चार खेपा झाल्या. दर वेळी नवा माणूस नवा कागद मागत होता. वहीत तारीख आणि खिडकीचा नंबर लिहिलेला होता, म्हणून चौथ्या खेपेला काम झाले.

मग दातांचा डॉक्टर. केमो सुरू झाल्यावर तोंड हुळहुळे होते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि किडका दात मोठे दुखणे उभे करू शकतो. म्हणून दात आधीच पाहून घ्यायचे. त्यानंतर हृदयाची सोनोग्राफी, कारण पहिल्या औषधांपैकी एकाचा हृदयावर ताण पडू शकतो. थोरलीच्या हाताच्या शिरा बारीक, तेव्हा छातीत कातडीखाली एक लहानशी डबी बसवली. तिला इथे पोर्ट म्हणतात. दर वेळी शीर शोधण्याचा छळ त्यामुळे वाचला. तिचे केस कमरेपर्यंत होते, ते खांद्यापर्यंत कापून घेतले. लांब केसांचा पुंजका हातात येण्यापेक्षा आखूड केसांचा येणे सोसवते, असे एका नर्सने सांगितले होते, आणि ते खरे ठरले.

घरात एक चांगला थर्मामीटर आणला. त्यावर नर्सने चार वेळा जोर दिला. ही नर्स रहात गावची बेदुइन मुलगी, वयाने आमच्या मुलींएवढी. ती म्हणाली, "ताप अडतीस झाला तर सकाळची वाट पाहायची नाही. गोळी घेऊन ताप उतरवायचा नाही. तडक इस्पितळात यायचं." आम्ही ते वाक्य वहीत लाल शाईने लिहिले. पुढे त्या लाल ओळीने प्राण वाचवले.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पहिला दिवस उजाडला. पहिली चार औषधपाणी दर दोन आठवड्यांनी आणि मग बारा दर आठवड्याला, असा बेत होता. पहिल्या चारांतले एक औषध रंगाने लालभडक, अगदी कोकमाच्या सरबतासारखे. ते नर्स स्वतः बसून हळूहळू नळीत सोडते. दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली तर घाबरू नका, ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे, असे तिने आधीच सांगितले होते. सांगितले नसते तर आम्ही नक्कीच रडत परत गेलो असतो. पाणी भरपूर प्यायचे, कारण त्याच्या जोडीचे दुसरे औषध मूत्राशयाला त्रास देऊ शकते.

मळमळीचे भय आम्हाला सर्वांत जास्त होते. सिनेमात पाहिलेले डोक्यात होते. आता मळमळ थांबवण्याची औषधे केमोच्या आधीच देतात, आणि घरी घेण्यासाठीही देतात. ती ठरल्या वेळी घ्यायची, मळमळ सुरू होण्याची वाट पाहायची नाही. एकदा 'बरं वाटतंय' म्हणून थोरलीने गोळी टाळली, आणि संध्याकाळी त्याची किंमत मोजली. त्यांतल्या एका औषधाने झोप मात्र उडते. पहिल्या रात्री तीन वाजता धाकटीला फोन आला. थोरली स्वयंपाकघरातली कपाटे घासत होती आणि विचारत होती, "तुझ्याकडचा माझा मोठा टोप कधी परत देणार?"

खाण्यापिण्याचे मोठे हाल. जिभेवर लोखंड ठेवल्यासारखी चव. स्टीलचा चमचा सोडून प्लास्टिकचा घेतला, तेव्हा जरा बरे वाटले. तळणीचा वास सहन होईना, आणि ज्या घरात सुक्या बोंबलांशिवाय पाहुणचार होत नाही, त्या घरात बोंबलाची बरणी धाकटीकडे रवाना झाली. गरम जेवणाला वास जास्त, म्हणून निवलेले अन्न बरे. तांदळाची पेज, मुगाची मऊ खिचडी, उकडलेले अंडे, नारळाच्या दुधातली फिकी भाजी, एवढ्यावर दिवस निघाले. एका वेळी ताटभर नको, दर दोन तासांनी वाटीभर. तोंड आले तेव्हा सोलकढी घशाखाली उतरेना. कोकम आगीसारखे झोंबे. कोमट पाण्यात मीठ आणि खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेक वेळा गुळण्या केल्या, त्याने आराम पडला. बिरड्याचे वाल मोड आणून नीट शिजवलेले चालतात, पण कच्च्या मोडांची कोशिंबीर त्या दिवसांत बंद. कच्चे काही खायचे तर स्वच्छ धुऊन, सोलून.

हे सगळे आईच्या नाकासमोर चालले होते, आणि तिला आम्ही सांगितले होते की थोरलीचे पोट बिघडले आहे. बेरशेवाच्या खेपा 'पाठीच्या व्यायामासाठी'. आई ऐकून घेई, काही बोलत नसे.

मशिदीतही आम्ही गप्प होतो. दर शाब्बाथला तोरा वाचताना हज्जान आजारी माणसांसाठी 'मी शेबेराख' म्हणतात, हे आपण सर्व जाणतो. थोरलीचे नाव द्यावे असे धाकटीच्या मनात रोज येई. पण त्या प्रार्थनेत आजाऱ्याचे नाव त्याच्या आईच्या नावासह घेतात. आमच्या आईचे नाव दिमोनात दुसऱ्या कुणाचेच नाही. ते उच्चारले की बायकांच्या बाजूला बसलेल्या प्रत्येकीला कळले असते, आणि आईसुद्धा तिथेच पहिल्या बाकावर. म्हणून आम्ही नाव दिले नाही. डॉक्टरांचे उपाय घेत होतो, आणि परमेश्वराच्या दारात मात्र आजार लपवीत होतो.

नव्याचा सण झाला. पहिल्या केमोला दोन आठवडे उलटले होते. सणाच्या दुसऱ्या दिवशी, दुसरे औषधपाणी घेण्याच्या आदल्या संध्याकाळी, थोरलीचे केस गळू लागले. उशीवर, फणीत, पाठीवर. डोक्याला रुमाल गुंडाळून ती न्हाणीघरात बसली आणि तिने नळ सोडून ठेवला, रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. धाकटी दाराबाहेर उभी होती. तेवढ्यात आई काठी टेकत आली आणि दारावर थाप मारून म्हणाली, "उघड, बाय. नळ बंद कर. मला ठाऊक आहे."

आम्ही दोघी तिच्यासमोर पलंगावर बसलो. तिने आपल्या कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढायला लावला. त्यात वडिलांचा पासपोर्ट, आमच्या जन्माचे दाखले, आणि एक निळे एरोग्राम होते. १९७४ सालचे. आमच्या मावशीच्या यजमानांनी भायखळ्याहून लिहिलेले. आईने ते धाकटीला वाचायला दिले. मावशीच्या स्तनात गाठ झाली होती, परळच्या टाटा हॉस्पिटलात नेले तेव्हा फार उशीर झाला होता, आणि सुक्कोथच्या आधी ती गेली. शेवटी एक ओळ होती की मुलींना सांगू नये.

ही मावशी आमच्या दोघींची लाडकी. विमानतळावर तिने आमच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या भरल्या होत्या. ती तापाने गेली, असे आम्हाला सांगितले होते, आणि चव्वेचाळीस वर्षे आम्ही तेच धरून होतो. आई म्हणाली, "तुम्ही लहान होता. पुढं तुमची लग्नं व्हायची होती. लोक काय म्हणतील, म्हणून मी तोंड मिटलं. तिच्यासाठी मोकळेपणी रडलेसुद्धा नाही. आता तू पेज प्यायला लागलीस, बोंबील घराबाहेर गेले, तेव्हाच मी ओळखलं. मला वाटलं, ही पोर मला सांगेल. तू मला वाचवत होतीस, मी तुला वाचवत होते. वाचलं कोण?"

मग तिने विचारले, "मशिदीत नाव दिलंत का?" आम्ही माना खाली घातल्या. ती म्हणाली, "तिथं तुझ्या नावाबरोबर माझं नाव घ्यायचं असतं. माझ्या नावानं मागायचं आणि मलाच सांगायचं नाही? उद्या हज्जानला सांगा."

पुढच्या शाब्बाथला, दारफाळणीच्या चार दिवस आधी, मशिदीत थोरलीचे नाव आईच्या नावासह घेतले गेले. बायकांच्या बाजूला क्षणभर कुणी हलले नाही. मग एक एक हात आईच्या खांद्यावर पडू लागला. घरी येईपर्यंत तिघीजणींनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले की त्यांच्याही घरात हा आजार होऊन गेला आहे. एकीला स्वतःलाच, सात वर्षांपूर्वी. ती रोज आमच्याच जिन्यावरून जात होती.

दारफाळणीचा उपास थोरलीने जन्मात चुकवला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणीही सोडायचे नाही. तरी तिचे मन मानेना. राब्बींना विचारले तर त्यांनी स्पष्ट सांगितले की जीव वाचवणे हीच या बाबतीत आज्ञा आहे, तेव्हा खाणे-पिणे हेच तुमचे त्या दिवसाचे कर्तव्य. ती पांढरी साडी नेसून घरी बसली आणि दर दोन तासांनी पेज प्यायली. आईने तिच्यासमोर बसून प्रार्थना केली.

त्यानंतरच्या शाब्बाथच्या रात्री एक वाजता थोरलीला थंडी वाजून आली. दुसऱ्या केमोला तो दहावा दिवस. पेशी वाढवण्याचे इंजेक्शन घेतलेले होते, तरी ताप ३८.३ भरला. "सकाळी बघू, आत्ता कुणाला उठवायचं, आणि शाब्बाथ आहे," असे म्हणून तिने अकामोलची गोळी हातात घेतली. आईने वहीतली लाल ओळ तिच्यापुढे धरली. आईला हिब्रू वाचता येत नाही, पण ती ओळ मराठीत होती. धाकटीने खालच्या मजल्यावर मशिदीचे शम्माश राहतात त्यांचे दार ठोठावले. ज्या माणसाने जन्मभर शाब्बाथला दिवा लावला नाही, त्याने पाच मिनिटांत गाडी बाहेर काढली. "याला शाब्बाथ मोडणं म्हणत नाहीत," एवढेच ते बोलले. इस्पितळात पोचल्यावर कळले की पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. लगेच शिरेतून औषध सुरू केले. चार दिवस राहावे लागले. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झाले असते, असे आम्ही डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "थांबला नाहीत ना? मग झालं."

आम्ही वारंवार मनाशी म्हणतो की आठवडाभर आधी ही वेळ आली असती, तर धाकटीने कुणाचे दार ठोठावले असते? खोटे काय सांगितले असते?

आता जे मदत करू इच्छितात त्यांच्यासाठी दोन शब्द, राग मानू नये. आपले लोक प्रेमळ आहेत, पण आजाऱ्याकडे कसे जावे हे आपल्याला कुणी शिकवलेले नाही. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका, फोन करा. गेलात तर पंधरा मिनिटे बसा. कुणाची नणंद याच आजाराने कशी गेली, ती हकीकत घरीच ठेवून जा. कारल्याचा रस, कुणा बाबाची पूड, हळदीच्या गोळ्या घेऊन जाऊ नका. आम्ही हळदीच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवल्या. कालवणातली हळद खुशाल खा, पण अशी गोळी औषधाच्या कामात आड येऊ शकते, म्हणून विचारल्याशिवाय नको, असे त्यांनी बजावले. आणि "काही लागलं तर सांग" असे म्हणू नका, कारण आजारी माणूस सांगत नाही. "मंगळवारी मी तुला बेरशेवाला नेते," असे म्हणा. आमच्या एका शेजारणीने दर गुरुवारी येऊन फक्त आमची लादी पुसली. तिचे उपकार आम्ही विसरणार नाही.

हिवाळ्यात दुसरे औषध दर आठवड्याला सुरू झाले. मळमळ कमी झाली, पण बोटांना मुंग्या येऊ लागल्या. नर्स बर्फाचे मोजे हातात घालायला देत असे. सगळ्यांनाच त्याचा गुण येतो असे नाही, थोरलीला थोडा आला. ब्लाऊजचे हूक, औषधाच्या बाटलीचे झाकण, सुईत दोरा, काहीच जमेना. मुंग्या येतात हे डॉक्टरांना लगेच सांगायचे असते, कारण त्यावरून ते औषधाचे प्रमाण ठरवतात. सोसत बसण्यात काही शौर्य नाही. थकवा तर असा की गिरणीत दोन पाळ्या केल्या तेव्हाही आला नव्हता. गंमत अशी की नुसते पडून राहिले की थकवा वाढे. म्हणून रोज संध्याकाळी आम्ही इमारतीला फेऱ्या मारत असू, पहिल्या दिवशी एक, शेवटी शेवटी सात. एका आठवड्यात रक्ताच्या पेशी कमी भरल्या म्हणून औषधपाणी पुढे ढकलले. घरी येऊन थोरली रडली, जणू परीक्षेत नापास झाली. असे पुष्कळांचे होते, त्याने उपचार वाया जात नाही.

त्याच काळात आनुवंशिक तपासणीच्या बाईंनी आमचा वंशवृक्ष मागितला. आईची बाजू, वडिलांची बाजू, कोण कशाने गेले. निळे पत्र नसते तर आम्ही मावशीपुढे 'ताप' असे लिहिले असते, आणि त्या कागदाला काही अर्थ राहिला नसता. बाईंनी समजावून सांगितले की अश्केनाझी समाजात सुमारे चाळिसांत एका माणसाला ठराविक तीन बदलांपैकी एक असतो. पण आपण बेने इस्राएल, आपला वंश निराळ्या मुलखात वाढलेला, म्हणून तेवढ्या तीनच गोष्टी तपासून भागत नाही. हा दोष बापाकडूनही येऊ शकतो. थोरलीच्या रक्तात ज्ञात असा दोष सापडला नाही. तरी मावशी आणि थोरली अशा दोघी झाल्यामुळे घरातल्या मुलींनी लवकर आणि नियमित तपासणी करावी, असा सल्ला मिळाला. धाकटीनेही आपली मॅमोग्राफी करून घेतली. निकालाच्या आठवड्यात ती किती घाबरली होती, ते या लेखात पहिल्यांदाच कबूल करीत आहोत. तिचे ठीक निघाले.

भाचीच्या स्थळाचे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही त्या घरी स्वतः जाऊन सांगितले. चहा झाला, गोड बोलणे झाले, आणि नंतर निरोप आला नाही. कारण त्यांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. खोटे कशाला बोलू, त्या दिवशी थोरलीला केमोपेक्षाही जास्त लागले. मुलगी मात्र म्हणाली, "आई, आत्ताच कळलं ते बरं." पुढे तिचे दुसऱ्या घरी जमले. तिथे पहिल्याच भेटीत तिने मावशीआजीपासून सगळे आपणच सांगितले.

शेवटचे औषधपाणी २०१९ च्या जानेवारीच्या मध्यात झाले. आईने एलियाहू हन्नाबीला नवस बोललेला होता, आणि तू बिश्वात अवघ्या चार दिवसांवर आले होते. घरी मलिदा केला. पोहे भिजवले, नारळ खवला, साखर, वेलची, फळे. खोबरे खवायला आई बसली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. थोरलीला साडी नेसायची होती, पण बोटे चालत नव्हती, तेव्हा धाकटीने तिच्या ब्लाऊजचे हूक लावले. डोक्यावर पदर घेतला तर केस नसल्याचे कुणाला दिसलेही नसते, पण तिने पदर खांद्यावरच ठेवला आणि वर नुसता रुमाल बांधला. शम्माश आले, लादी पुसणारी शेजारीण आली, त्या सात वर्षे गप्प राहिलेल्या बाईही आल्या. नवस फेडला म्हणून औषध सोडले असे मात्र नाही. पुढे किरणांचा उपचार झाला आणि गोळ्याही सुरू झाल्या. केस वर्षभरात परत आले, पांढरे आणि कुरळे. बोटांच्या मुंग्या पुष्कळ कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत.

भगिनींनो, या देशात ठराविक वयापासून पुढच्या स्त्रियांना दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीचे बोलावणे येते. ते बिलांखाली ठेवू नका. ज्यांच्या आईला, बहिणीला, मावशीला, आत्याला हा आजार झाला असेल, त्यांनी त्याआधीच डॉक्टरांना सांगावे. आणि सांगण्यासाठी आधी माहीत असावे लागते. तुमच्या घरातही कपाटात असा एखादा डबा असेल. वडीलमंडळी आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा की आजी कशाने गेली, मावशी कशाने गेली. जे सांगतील ते मराठीत लिहून ठेवा आणि मुलांसाठी हिब्रूतही लिहा.

आमची आई २०२१ साली, पुरीमनंतर, झोपेतच गेली. शेवटच्या शाब्बाथपर्यंत ती मशिदीत पहिल्या बाकावर बसत होती, आणि 'मी शेबेराख' सुरू झाले की प्रत्येक नावाला मोठ्याने आमेन म्हणत होती. आता थोरली त्या जागी बसते. आजाऱ्यांची नावे पुकारली जातात, त्यांच्या आयांची नावे पुकारली जातात, आणि आम्ही दोघी ती लक्ष देऊन ऐकतो, म्हणजे कुणाचे दार ठोठवायचे ते कळते.

परमेश्वर आपल्या समाजातील सर्व आजाऱ्यांना पूर्ण बरे करो. आमेन.